सूर्यास्तानंतरचा डोस

मालेगाव (जहाँगीर),
१४ जून २०२४

वैजयंती मॅडम यांस,
पानाबाईचा जयजिनेंद्र.

परवा बुधवारी नातू अर्पितसोबत तुमच्या दवाखान्यात आले होते ती बहिरी म्हातारी मीच. तुम्ही माझ्या कानाशी ओरडून घसा बसवून घेतलात आणि बाहेर बाकावर बसलेल्या समद्या वाशिमला माझी साखर किती ते कळलं. शेवटी तुम्हीच हात टेकून म्हणालात, "आजी, काही अडलं तर पत्र लिवा, फोनवर तुमाले काही आयकू येनार नाही." म्हणून लिहिते आहे. मी सातवी पास आहे, त्या काळची.

अडलं ते असं. तुम्ही इन्सुलिनची सुई शिकवलीत, तक्ता दिलात. सकाळी आठ वाजता सोळा, रात्री आठ वाजता दहा. ते समजलं. पण शेजारच्या रुपाबाईने सांगितलं की हे औषध डुकरापासून काढतात. मी सुई तशीच फ्रिजमध्ये ठेवून दिली आहे. माझा मुलगा जिनदास म्हणतो, "आई, जीव महत्त्वाचा." मी त्याला विचारलं, "कोनाचा?" तर उठून दुकानात निघून गेला.

माझा नेम असा आहे की बावन्न वर्षांत सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. सकाळी सूर्य उगवल्यावरही दोन घटका, म्हणजे पाऊण तास, जाऊ देते. सुई तोंडावाटे जात नाही म्हणून रात्री चालेल असं माझं मीच ठरवलं. पण डुकराचं तेवढं खरं काय ते कळवा. अर्पित सोमवारी दुकानाचा माल घ्यायला वाशिमला येतो, त्याच्या हाती उत्तर द्या.

पानाबाई

•

वाशिम,
१७ जून २०२४

आदरणीय पानाबाई आजी,
नमस्कार.

अर्पित समोर उभा आहे आणि बाहेर अकरा पेशंट आहेत, तरी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी डॉक्टर नाही, सुई आणि पथ्य शिकवणारी; दवाखान्यात मला कोणी पत्र लिहीत नाही. लोक मला 'साखरवाली मॅडम' म्हणतात आणि लांबून दिसले की हातातली जिलबी पाठीमागे लपवतात.

डुकराचं पूर्वी खरं होतं, आता नाही. तुमचं औषध कारखान्यात सूक्ष्म जंतूंकडून बनवून घेतात. कुठल्याही जनावराला मारत नाहीत. तेव्हा निर्धास्त मनाने सुरू करा.

वेळ मात्र चुकवू नका. मी सगळ्यांना हेच सांगते, की औषधाला घड्याळ कळतं, आपली सबब कळत नाही. आसेगावचे जगदेव काका (ते माझ्याच गावचे) सुई घेतात तेव्हा घेतात, नाही तेव्हा नाही, आणि वर मलाच म्हणतात, "पोरी, मी तुले लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलो, तू मले काय शिकवून राह्यली?" तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या अक्षरावरूनच दिसतं.

तुमची,
वैजयंती

•

मालेगाव,
३ सप्टेंबर २०२४

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

(मॅडम लिहिणं सोडलं. तू माझ्या धाकट्या नातीएवढी आहेस.)

सुई सुरू केली. त्या जंतूंचं काय होतं, हे तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. प्रतिक्रमणात त्यांचीही रोज क्षमा मागते, म्हणजे झालं.

सकाळची साखर एकशे तीसच्या आसपास असते. यंत्रात बोट टोचून मी स्वतः बघते आणि भिंतीवरच्या तिथीदर्पणात त्या त्या तारखेखाली लिहिते. आमच्या तिथीदर्पणात रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. त्याशिवाय माझं पान हालत नाही. नातसून रुचा म्हणते, "आजी, मोबाईलमधी लिवून ठेवत जा न." मी म्हटलं, माझा मोबाईल भिंतीवर आहे, त्याला चार्जिंग लागत नाही.

रात्री आठच्या ठोक्याला सुई. टीव्हीवर बातम्या लागल्या की जिनदास म्हणतो, "आई, तुयी वेळ झाली." एक मिनिट इकडचं तिकडे नाही. तुला शाबासकी द्यायची असेल तर देऊन टाक.

पानाबाई

•

वाशिम,
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आजी,
नमस्कार.

तुमचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर दोनशे शेहेचाळीस. सप्टेंबरात इतकी छान होती, मग दिवाळीनंतर असं काय झालं?

आजी, एक विचारते, राग मानू नका. रात्री काही खाणं होतं का? एखादा लाडू, दूध-बिस्किट? घरातलं माणूस झोपलं की स्वयंपाकघरात जाणारे पेशंट मी रोज बघते. मेडशीच्या हिरीबाई तर ज्वारीच्या कोठीत शेव लपवतात. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. खरं सांगितलं तर मला मदत करता येते.

डॉक्टरांशी बोलले. रात्रीचा डोस दहाचा बारा करायला सांगितलं आहे. वेळ तीच, आठ.

तुमची,
वैजयंती

•

मालेगाव,
३ डिसेंबर २०२४

वैजयंती मॅडम यांस,

मी रात्री खात नाही.

डोस बारा केला आहे. आठ वाजता घेते.

पानाबाई

•

मालेगाव,
९ जानेवारी २०२५

वैजयंतीताई,
जयजिनेंद्र.

मी रुचा, पानाबाई आजींची नातसून. आपली भेट नाही, पण आजींनी तुमची सगळी पत्रं डब्यात ठेवली आहेत, त्यावरून पत्ता घेतला. नोव्हेंबरातलं पत्र मात्र डब्यात नव्हतं, ते त्यांच्या उशीखाली सापडलं.

पाच तारखेला रविवारी घरी आम्ही दोघीच होतो. बाकी सगळे कारंज्याला लग्नाला गेले होते. पहाटे साडेसहाला मी आजींच्या खोलीत गेले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, हातात माळ, लुगडं घामाने ओलंचिंब, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर ओ नाही. हलवलं तर मान एका बाजूला. यंत्र लावलं, आकडा एकेचाळीस.

ताई, मला काही सुचेना. गूळ पाण्यात कालवला आणि चमच्याने त्यांच्या तोंडात घालत राहिले. सूर्य उगवायला अजून अर्धा तास होता. मला ते कळत होतं. मी रडत होते, म्हणत होते, "आजी, तोंड उघडा न वं, तुमच्या पाया पडते." दहा-बारा चमचे गेले. मग त्यांनी डोळे उघडले. मग दवाखाना, सलाईन. आता घरी आहेत, बऱ्या आहेत.

पण बोलत नाहीत. सासरे सगळ्यांना सांगतात, "आई बेसुद होती, बेसुद मानसाचं व्रत मोडत नसते." मंदिरातले लोकही तेच म्हणतात. एवढंच नाही, बावन्न वर्षांच्या नेमाबद्दल २६ तारखेला मंदिरात आजींचा सत्कार ठरला आहे. सगळे माझी समजूत घालतात. पण चमचा माझ्या हातात होता. बावन्न वर्षं जे त्यांनी सांभाळलं ते मी अर्ध्या तासासाठी मोडलं. आजी माझ्याकडे बघून नजर खाली घालतात, ते मला सहन होत नाही.

तुम्हाला रागवायला हे लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी जुने आकडे मागितले म्हणून भिंतीवरचं तिथीदर्पण काढलं. त्यात बरंच काही लिहिलं आहे, मला सगळं समजलं नाही. नवीन वर्षाचंही त्याला टाचलं आहे. दोन्ही अर्पितच्या हाती पाठवते. आता आजींनी सुई घ्यायची की नाही, तेही कळवा.

रुचा

•

वाशिम,
१० जानेवारी २०२५

प्रिय रुचा,

आधी कामाचं. डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. रात्री आठची सुई आजपासून बंद. सकाळची चालू ठेव. उद्या दुपारी त्यांना इथे घेऊन ये, डॉक्टर थांबणार आहेत.

दुसरं, पुढे कधी कामी यावं म्हणून. पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं. त्याला गिळता येत नाही, ते श्वासनळीत जातं आणि जीव गुदमरतो. अशा वेळी ग्लुकोजची पूड गालाच्या आतून बोटाने चोळायची आणि लगेच १०८ ला फोन करायचा. (आमच्या पुस्तकात मध चोळा असं आहे. तुमच्याकडे मध चालत नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी नव्हतं. माझ्याही नव्हतं, आज लिहिताना लक्षात आलं.)

तू त्यांना वाचवलंस. एकेचाळीसवरून माणूस परत येतोच असं नाही. बाकी जे मला म्हणायचं आहे ते आजींना म्हणायचं आहे.

वैजयंती

•

वाशिम,
१५ जानेवारी २०२५

आदरणीय आजी,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी तुम्ही दवाखान्यात आलात, सुईची नवी वेळ मान डोलावून समजून घेतलीत, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ते बरोबरच केलंत. मी तुमच्या कानाशी ओरडून क्षमा मागितली असती तर ती बाकावरच्या सगळ्यांनी ऐकली असती, आणि मागायची तर होती तुमच्या एकटीची. म्हणून लिहिते.

तुमचं तिथीदर्पण गेले पाच दिवस माझ्या टेबलावर आहे. आजी, मी बारा वर्षं हे काम करते. हजारो लोकांना वही दिली की साखर लिहून आणा. कोणी लिहीत नाही. जे लिहितात ते दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने सगळे आकडे एकशे वीस लिहून आणतात. आणि तुम्ही सात महिने, रोज, एकही दिवस न चुकता! सूर्यास्ताची छापील वेळ, तिच्याखाली तुमची जेवणाची वेळ, तिच्याखाली सुई आठ वाजता, आणि तिच्याखाली सकाळची साखर. मी आधी नुसती पानं उलटत गेले. मग पट्टी घेऊन बसले. मग डॉक्टरांना हाक मारली, तर तेही खुर्ची ओढून बसले आणि बाहेरचे पेशंट ओरडायला लागले.

जूनमध्ये वाशिमला सूर्य सात वाजून तीन मिनिटांनी मावळतो. तुमचं जेवण सव्वासहाला. सुई आठला, म्हणजे पावणेदोन तासांनी. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. तुमचं जेवण पाच वाजताच. सुई मात्र आठलाच, म्हणजे तीन तासांनी, रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. दिवस जसजसा लहान होत गेला तसतसं तुमचं जेवण सुईपासून लांब सरकत गेलं. ती सुई जेवणासाठी होती, आजी! तक्त्यावर बारीक अक्षरात 'जेवणाआधी' छापलं आहे आणि ठळक अक्षरात 'रात्री आठ'. तुम्हाला औषधाचा नेम मोडायचा नव्हता, जेवणाचा मोडायचा नव्हता. तुम्ही दोन्ही मिनिटाला मिनिट पाळलेत. दुसऱ्या कोणी कंटाळून एक तरी मोडला असता आणि वाचला असता. जगदेव काकांना ही सुई दिली असती तर त्यांना काहीसुद्धा झालं नसतं.

आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही. तुमच्या पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं, जंतूंबद्दल उत्तर दिलं, आणि खाली 'वेळ चुकवू नका' असं तुम्हालाच शिकवलं. तुम्ही काय खाता हे मी विचारलं, कधी खाता हे विचारलं नाही.

आता दिवाळीनंतरच्या पानांबद्दल. काही तारखांखाली दोन आकडे आहेत. एक नेहमीचा, सकाळी मंदिरातून आल्यावरचा, मोठा. दुसरा समासात, पेन्सिलीने, इतका वाकडा की तुमचं अक्षर वाटत नाही. पहाटे पाच पन्नासला अठ्ठावन्न. सहा पाचला बावन्न. डिसेंबरात डोस बारा केल्यावर शेहेचाळीस. असे अकरा दिवस आहेत, आणि प्रत्येकापुढे 'दोन माळा', 'तीन माळा' असं लिहिलं आहे.

डॉक्टर आधी बोलले. म्हणाले, "साखर पन्नासच्या खाली गेलेला माणूस हातात पेन धरू शकत नाही. ही बाई बोट टोचून, आकडा लिहून, माळ जपत सूर्याची वाट बघत होती." मग ते उठून खिडकीपाशी गेले. मी त्यांना एवढ्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. पहाटे साखर इतकी खाली गेली की शरीर स्वतःच साठवलेली साखर बाहेर काढतं आणि मग सकाळची साखर वर चढते. तीच बघून मी तुम्हाला विचारलं, रात्री लाडू खाता का.

आजी, ते वाक्य मला परत घेता येणार नाही. मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला आणि त्याची शिक्षा म्हणून डोस वाढवला. तुम्ही शिक्षासुद्धा आठच्या ठोक्याला घेतलीत. मी माणसांना शिस्त शिकवते असं मला वाटत होतं. तुमच्यासमोर मला माझ्या कामाची भीती वाटली, आणि खरं सांगते, तितकाच अभिमानही वाटला की असं माणूस माझ्या वाट्याला आलं. चूक माझी होती. क्षमा करा.

नवी वेळ पुन्हा लिहून देते. संध्याकाळची सुई आता घड्याळाने नाही, सूर्याने. जेवायला बसायच्या आधी, आठ युनिट. आज पाचला तर पाचला, जूनमध्ये सहाला तर सहाला. दवाखान्यातला तक्ताही मी बदलून घेतला आहे. आता वेळ छापलेली नाही, रेघ आहे, आणि प्रत्येकाला विचारूनच ती भरायची.

पण एक प्रश्न उरतो आणि तो मला विचारलाच पाहिजे. सुई बदलली तरी साखर पुन्हा कधीच खाली जाणार नाही, असं वचन मला देता येत नाही. सूर्यास्तानंतर ती खाली गेली तर तुम्ही साखर घ्याल का? तुम्ही नाही म्हणालात तरी मी भांडणार नाही. पण मला खरं उत्तर पाहिजे, आणि तुम्ही खोटं बोलत नाही हे मला आता कळलं आहे.

तुमची,
वैजयंती

•

मालेगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. क्षमा तर आम्ही वर्षातून एकदा सगळ्या जिवांची मागतो, तेव्हा तुझी मीही मागते. पहाटेच्या घामाचं मी तुला कळवलं नाही. तू साखर खा म्हणशील ही भीती होती. रागही होता. म्हणजे चूक एकटीची नाही.

पण तू म्हणतेस मी खोटं बोलत नाही, ते खरं नाही. मी तीन आठवडे खोटं बोलत होते, न बोलून.

तू रुचाला लिहिलंस, की पूर्ण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ते पत्र तिने मलाही दाखवलं. तिच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि तुझ्याही आलं असणार. तरी तू मला तसं विचारलं नाहीस.

त्या पहाटे मी शुद्धीत होते. हातपाय माझे नव्हते, जीभ जड झाली होती, बोलता येत नव्हतं, पण कळत होतं. तोंडात गोड आलं तेव्हा ते गूळपाणी आहे हे कळलं. बाहेर अंधार आहे हे कळलं. मनात हिशेब केला, सूर्य उगवायला अर्धा तास आणि वर पाऊण तास. अकरा वेळा थांबले होते, आणखी एकदा थांबले असते. नाहीतर गेले असते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई नेमात जाते, तर घरच्यांनी पेढे वाटावे.

पण रुचा रडत होती. चमचा माझ्या दातांवर वाजत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तोंड मिटून गेले असते तर ती पोर जन्मभर म्हणाली असती, मला जमलं नाही. लोकही म्हणाले असते, म्हातारी नातसुनेच्या हातावर गेली. मी माझा जीव सोडायला तयार होते. तिचा कुठे घेऊन जात होते?

मी पहिला चमचा गिळला. जाणून गिळला. मग सगळे.

मग घरी आल्यावर जिनदास सांगायला लागला, आई बेशुद्ध होती. मला ते बरं वाटलं, वैजयंती. बावन्न वर्षांचा मान कोणाला नको असतो? रुचा माझ्यासमोर आली की नजर खाली जायची. तिला वाटत होतं मी तिच्यावर रागावले. मला माझीच लाज वाटत होती. माझं व्रत अखंड राहावं म्हणून ती पोर ते मोडल्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती.

गेल्या रविवारी मंदिरात सत्कार होता. शाल, श्रीफळ, माईक. माझ्याबद्दल खूप चांगलं बोलले म्हणे, मला ऐकू आलं नाही. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "मी बेसुद नव्हती. सूर्य उगवाच्या आंधी मी गूळपानी गिळलं. पोरीनं मोडलं नाही, म्या मोडलं. ही शाल माई नाही." आणि शाल घडी करून पाटावर ठेवली. जिनदासचा चेहरा पडला. कोणी काही बोललं असेल तर तेही मला ऐकू आलं नाही, बहिरेपणाचा एवढा एक फायदा. रुचा मागे बायकांत बसली होती, ती उठून समोर आली आणि सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिला रडू दिलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या हाताने मी साखर घेणार नाही. ग्लुकोजचा डबा रुचाच्या खोलीत ठेवला आहे. रात्री साखर खाली गेली तर तिला उठवीन, आणि तिने दिलं तर गिळीन.

पाच जानेवारीच्या संध्याकाळी मी नेम पुन्हा धरला. आज एकोणतिसावा दिवस आहे. पुन्हा मोडावा लागला, तर दुसऱ्या दिवशी एकपासून सुरू करीन.

पानाबाई